घरातील व्यक्तीच्या निधनानंतर मालमत्तेची कायदेशीर व्यवस्था : कुठे त्वरा करावी आणि कुठे थांबावे

घरातील कर्ते माणूस गेल्यावर तेराव्यापर्यंत सहसा कोणी कागदांना हात लावत नाही, आणि त्यानंतर मात्र नातेवाईक, शेजारी आणि ओळखीचे एजंट यांचे सल्ले एकाच वेळी सुरू होतात. त्यातला निम्मा सल्ला चुकीचा नसतो, पण चुकीच्या वेळी दिलेला असतो. वारसांपुढची कामे दोन प्रकारची असतात. काही कामांना मुदत असते आणि ती पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत उरकली नाहीत तर पैसा किंवा हक्क अडकतो. दुसरी कामे मालकी ठरवणारी असतात. त्यांना बहुतेक वेळा तशी घाई नसते, पण घाईत केलेली सही पुढे दिवाणी न्यायालयातूनही सहजी मागे घेता येत नाही. या लेखात महाराष्ट्रातील सर्वसाधारण कुटुंबाचा, म्हणजे एखादी सदनिका, गावाकडची शेतजमीन, बँकेतील ठेवी आणि भविष्य निर्वाह निधी असलेल्या घराचा, विचार मुख्यतः हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ च्या चौकटीत केला आहे. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू होतो.

मृत्यूची नोंद आणि दाखल्यावरील नाव

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ नुसार मृत्यूची खबर २१ दिवसांत द्यावी लागते. मृत्यू रुग्णालयात झाला असेल तर ही जबाबदारी रुग्णालयाची असते. घरी झाला असेल तर कुटुंबप्रमुखाने ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महानगरपालिकेच्या निबंधकाकडे ती द्यायची असते. २१ ते ३० दिवसांत विलंब शुल्क भरून नोंद होते, त्यानंतर वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते आणि एक वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही.

नोंद देतानाच मृताचे नाव आधार, सातबारा, बँक पासबुक आणि सोसायटीचे भाग प्रमाणपत्र यांच्याशी ताडून पाहावे. सातबाऱ्यावर ‘बाबुराव’, आधारवर ‘बाबूराव’ आणि पॅनवर इंग्रजी आद्याक्षरे, असा प्रकार आपल्याकडे घरोघरी आढळतो. विवाहित स्त्रियांच्या बाबतीत माहेरचे नाव, सासरी ठेवलेले नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचे नाव अशी तीन नावे निघतात. दाखल्यावर नाव चुकले तर दुरुस्ती होते, पण ती होईपर्यंत पुढचे प्रत्येक टेबल अडून बसते. निरनिराळ्या नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करून ठेवावे आणि दाखल्याच्या आठ-दहा मूळ प्रती एकदमच घ्याव्यात.

पहिल्या महिन्यात करायच्या आणि टाळायच्या गोष्टी

सर्वात आधी टाळायची गोष्ट सांगतो. मृताचे एटीएम कार्ड किंवा फोनवरील यूपीआय वापरून पैसे काढू नयेत. दवाखान्याचे बिल भागवायचे आहे, हेतू स्वच्छ आहे, हे सर्व खरे असले तरी खातेदाराच्या मृत्यूनंतर त्याच्या नावाने झालेला व्यवहार अनधिकृतच ठरतो आणि पुढे भावंडांत वाद झाला तर पहिले बोट त्याच नोंदीकडे जाते. ‘दोघांपैकी कोणी एक किंवा हयात असलेला’ अशा सूचनेचे संयुक्त खाते असेल तर हयात खातेदाराने बँकेला मृत्यूचा दाखला देऊन रीतसर व्यवहार सुरू ठेवावेत. मृताचे सिमकार्ड मात्र लगेच बंद करू नये, कारण बँक, भविष्य निधी आणि प्राप्तिकर यांचे संदेश त्याच क्रमांकावर येतात.

मृताचे पासबुक उघडून मागील वर्षभरातील छोट्या वजावटी वाचाव्यात. तेथे ४३६ रुपयांची वजावट असेल तर ती बहुधा प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेची असते आणि २० रुपयांची असेल तर सुरक्षा विमा योजनेची. पहिलीत कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. दुसरीत अपघाती मृत्यूसाठी तेवढीच रक्कम मिळते. बँक स्वतःहून ही आठवण करून देईल या भरवशावर राहू नये. आयुर्विम्याचे दावेही याच काळात दाखल करावेत.

मृत व्यक्ती नोकरीत असताना गेली असेल तर भविष्य निर्वाह निधीसाठी नमुना २०, कुटुंब निवृत्तिवेतनासाठी नमुना १०-डी आणि ठेव-संलग्न विम्यासाठी नमुना ५-आयएफ असे तीन वेगळे अर्ज असतात. अनेक कुटुंबे पहिला अर्ज करून थांबतात, आणि सात लाख रुपयांपर्यंत मिळू शकणाऱ्या विम्याचा अर्ज राहून जातो. निवृत्त व्यक्तीच्या बाबतीत कोषागाराला किंवा बँकेला तत्काळ कळवावे, कारण मृत्यूनंतर जमा झालेले निवृत्तिवेतन परत वसूल केले जाते.

वाहन असेल तर ३० दिवसांत प्रादेशिक परिवहन कार्यालयाला मृत्यूची व वाहन वापरण्याच्या इराद्याची खबर द्यावी आणि तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये हस्तांतराचा अर्ज करावा. वाहनाचा विमाही नव्या नावावर करून घ्यावा. तो मृताच्याच नावावर राहिला आणि अपघात झाला तर दाव्यात अडचण येते.

मालमत्तेची आणि देण्याची यादी

यादी करताना आपण जमा बाजू आठवतो आणि नावे बाजू विसरतो. विविध कार्यकारी सोसायटीचे पीककर्ज, पतसंस्थेतील सोनेतारण, मित्राच्या कर्जाला दिलेली जामीनकी, सोसायटीची थकलेली देखभाल वर्गणी, घरातील कामगारांचे पगार, हे सर्व लिहून काढावे. जमा बाजूसाठी पासबुकांबरोबरच प्राप्तिकर संकेतस्थळावरील वार्षिक माहिती विवरण उपयोगी पडते, कारण व्याज आणि लाभांश कुठून आले हे त्यात दिसते. जुन्या, विसरलेल्या ठेवींचा शोध रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ संकेतस्थळावर घेता येतो. दहा वर्षे व्यवहार नसलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होतात, पण वारसांचा हक्क संपत नाही. सात वर्षे लाभांश न उचललेले शेअर गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात, तेही परत मागता येतात.

मृत्युपत्र आहे का, आणि नसेल तर वारस कोण

कपाटात मृत्युपत्र सापडले नाही म्हणून ते नाहीच असे समजू नये. नोंदवलेल्या मृत्युपत्राची प्रमाणित प्रत मृत्यूनंतर दाखला दाखवून दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळू शकते. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही. साध्या कागदावरचे मृत्युपत्रही करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असतील तर वैध असते. ते सापडताच साक्षीदार हयात आहेत का आणि कुठे आहेत हे शोधून ठेवावे, कारण पुढे सारा भार त्यांच्या शपथपत्रावर येतो. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मृताला फक्त स्वतःचा हिस्सा मृत्युपत्राने देता येतो, सर्व जमीन नव्हे.

मृत्युपत्र नसेल तर हिंदू पुरुषाची स्वतंत्र मालमत्ता प्रथम वर्गातील वारसांना एकाच वेळी आणि समान वाट्याने जाते. विधवा पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे त्यातले मुख्य वारस होत. वडील प्रथम वर्गात येत नाहीत, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. एखाद्या गृहस्थामागे पत्नी, आई, एक मुलगा आणि दोन मुली असतील तर पाच समान हिस्से होतात. आधीच वारलेला आणखी एक मुलगा असेल तर हिस्से सहा होतात आणि त्या सहाव्या हिश्श्यात त्याची विधवा व मुले वाटेकरी होतात. मुलीचे लग्न झाले आहे किंवा लग्नात खर्च केला आहे, यामुळे तिचा हिस्सा कमी होत नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः सहदायादाचा, म्हणजे मुलाप्रमाणेच वाटेकरी असण्याचा, हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून दिला. त्या तारखेला वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले.

स्त्रीच्या मालमत्तेचा क्रम वेगळा आहे. मुले आणि पती हे पहिले वारस; ते नसतील तर मालमत्ता पतीच्या वारसांकडे जाते आणि त्यांच्यानंतर आई-वडिलांचा क्रम लागतो. आई-वडिलांकडून वारसाने आलेली मालमत्ता तेवढी, अपत्य नसल्यास, वडिलांच्या वारसांकडे परतते. याचा अर्थ निपुत्रिक विधवेने स्वतःच्या पगारातून घेतलेले घर मृत्युपत्राअभावी दिराकडे जाऊ शकते आणि तिची आई हात हलवत राहते. ही तरतूद अन्यायकारक आहे असे माझे मत आहे, परंतु आज कायदा तसा आहे.

मुस्लिम कुटुंबात हिस्से वैयक्तिक कायद्याने ठरतात आणि इतर वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा अधिक मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही. ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांना भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ लागू होतो.

नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक नव्हे

या विषयातील निम्मी भांडणे एकाच गैरसमजातून होतात. बँकेत, डिमॅट खात्यात किंवा सोसायटीत ज्याचे नाव नॉमिनी म्हणून लावले आहे, तो ती रक्कम किंवा घर वारसांच्या वतीने स्वीकारतो. त्याच्या ताब्यात आले म्हणून ते त्याचे होत नाही. शेअरबाबत यावर बराच काळ संभ्रम होता, तो सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२३ मधील शक्ती येझदानी निकालाने मिटला. आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर ते स्वतःच लाभार्थी मानले जातात. एरवी थोरल्या भावाच्या नावे नॉमिनेशन असेल तर त्याने रक्कम उचलण्यास बाकीच्या वारसांनी हरकत घेऊ नये, परंतु ती किती आली आणि कुठे ठेवली याचा लेखी हिशेब त्याच दिवशी मागावा.

बँकेतील रक्कम आणि लॉकर

नॉमिनी किंवा हयात संयुक्त खातेदार असेल तर रक्कम कितीही असो, बँकेने न्यायालयाचा वारस दाखला मागायचा नसतो. दावा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि ओळखपत्र पुरेसे असते. नॉमिनी नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांनुसार व्यापारी बँकांत १५ लाख आणि सहकारी बँकांत ५ लाख रुपयांपर्यंतचे दावे हमीपत्र आणि इतर वारसांची ना-हरकत घेऊन सोप्या रीतीने निकाली काढायचे असतात. सर्व कागद मिळाल्यापासून बँकेला १५ दिवसांची मुदत असते आणि बँकेमुळे उशीर झाला तर तिला व्याजरूपाने भरपाई द्यावी लागते. शाखेत हे नियम माहीत नसल्यासारखे उत्तर मिळाले तर वाद न घालता अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. पोचेवरची तारीखच पुढे उपयोगी पडते. लॉकर उघडताना साक्षीदारांसमक्ष आतील वस्तूंची यादी होते. त्या वेळी शक्यतो सर्व वारसांनी हजर राहावे, कारण दागिन्यांबद्दलचा संशय नंतर कोणत्याही कागदाने फिटत नाही.

न्यायालयात केव्हा जावे लागते

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाने दिलेले प्रमाणपत्र. १९२५ च्या कायद्यातील कलम २१३ मुळे हिंदूंनी मुंबईत केलेल्या किंवा मुंबईतील स्थावर मालमत्तेविषयीच्या मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचे होते, तर पुण्या-नाशिकच्या मालमत्तेला तशी सक्ती नव्हती. २०२५ च्या डिसेंबरमध्ये संसदेने निरसन व सुधारणा कायदा संमत करून हे कलमच वगळले. सक्ती उठली तरी प्रोबेटचा उपयोग संपलेला नाही. एखादा वारस मृत्युपत्राला हरकत घेत असेल, साक्षीदार वृद्ध असतील किंवा मृत्युपत्रात एका मुलाला सर्व आणि दुसऱ्याला काहीच नाही असा मजकूर असेल, तर प्रोबेट घेऊन ठेवणेच शहाणपणाचे आहे.

अर्ज मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकाने (एक्झिक्युटरने) करायचा असतो. व्यवस्थापक नेमलेला नसेल तर लाभार्थी ‘लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन’साठी, म्हणजे मालमत्तेची व्यवस्था पाहण्याच्या न्यायालयीन अधिकारपत्रासाठी, अर्ज करतो. मुंबईत तो उच्च न्यायालयाच्या वारसा विभागात आणि इतरत्र जिल्ह्यातील न्यायालयात दाखल होतो. सोबत मूळ मृत्युपत्र, मालमत्तेची मूल्यासह यादी, सर्व वारसांची नावे-पत्ते आणि निदान एका साक्षीदाराचे शपथपत्र लागते. त्यानंतर वारसांना नोटीस आणि जाहीर नोटीस निघते. कोणी हरकत घेतली तर अर्जाचे रूपांतर दाव्यात होते आणि मग वर्षांचा हिशेब करावा लागतो. प्रोबेट मिळाल्यावर काम संपले असे समजू नये: व्यवस्थापकाने सहा महिन्यांत मालमत्तेची सूची आणि एका वर्षात हिशेब न्यायालयात सादर करायचा असतो.

मृत्युपत्र नसताना दोन वेगळे दाखले असतात आणि लोक दोन्हींना ‘वारस दाखला’च म्हणतात. ठेवी, रोखे, शेअर यांसाठी १९२५ च्या कायद्याखालील उत्तराधिकार प्रमाणपत्र लागते. स्थावर मालमत्तेसाठी महाराष्ट्रात अजूनही १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली वारस प्रमाणपत्र घेतले जाते. वकिलाला भेटण्यापूर्वी आपल्याला कोणता दाखला कोणत्या कार्यालयाने लेखी मागितला आहे, ते निश्चित करावे. तलाठ्याचा पंचनामा किंवा नगरसेवकाचे पत्र यांपैकी कशाचीही जागा घेऊ शकत नाही.

सदनिका आणि गृहनिर्माण संस्था

संस्थेच्या दृष्टीने नॉमिनी हा तात्पुरता सभासद असतो. सहकारी संस्था अधिनियमातील २०१९ नंतरच्या कलम १५४ब-१३ प्रमाणे कायमचे हस्तांतर मृत्युपत्र, उत्तराधिकार प्रमाणपत्र, वारस प्रमाणपत्र किंवा सर्व वारसांनी केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त यांपैकी एकाच्या आधारे होते. नॉमिनी नसेल तर संस्था हरकती मागवणारी जाहीर नोटीस काढून आणि हमीपत्र घेऊन निर्णय घेते. वारसांकडून हस्तांतर अधिमूल्य (ट्रान्स्फर प्रीमियम) मागता येत नाही. ‘देणगी’ या नावाने मागणी झाली तर ती लेखी मागावी, बहुतेक वेळा ती तेथेच थांबते.

शेतजमीन : वारस नोंद

जमिनीवर वारसाने हक्क मिळाल्याची खबर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ नुसार तीन महिन्यांत तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, द्यायची असते. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या जमिनींचा उतारा) आणि सर्व वारसांची नावे, वय, पत्ता व नाते सांगणारे प्रतिज्ञापत्र जोडावे. ‘ई-हक्क’ प्रणालीवरून घरबसल्याही अर्ज करता येतो. प्रथम वारसांची नोंद गाव नमुना ६-क, म्हणजे वारस नोंदवहीत, होते, स्थानिक चौकशीनंतर वारस ठरतात, मग गाव नमुना ६ मध्ये फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, धरला जातो आणि हितसंबंधितांना नोटीस देऊन १५ दिवस हरकतीची वाट पाहिली जाते. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात आणि नावे सातबाऱ्यावर येतात. असेल तर तक्रार नोंदवहीत नोंद होऊन सुनावणी होते आणि त्यावर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते.

प्रतिज्ञापत्रात बहिणींची नावे वगळण्याचा जुना रिवाज अनेक गावांत आजही आहे. असे करणे खोटे प्रतिज्ञापत्र ठरते, आणि फेरफार हा केवळ महसुली अभिलेख असल्यामुळे वगळलेल्या बहिणीचा हक्क त्यामुळे जातही नाही. जमीन विकायला काढली की तोच फेरफार खरेदीदाराचा वकील बाहेर काढतो. जुन्या सातबाऱ्यावर ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर अशी नोंद असेल तर जमीन एकट्या थोरल्या भावाची नसून सर्वांची आहे असे समजावे. शहरी भागात हीच वारस नोंद नगर भूमापन कार्यालयात मिळकत पत्रिकेवर करावी लागते, आणि घरपट्टीवरील नाव बदलणे हे तिसरे, स्वतंत्र काम आहे.

हक्कसोडपत्र : येथे थांबावे

सर्व वारसांची नावे एकदा अभिलेखावर लागू द्यावीत आणि हक्कसोडीचा, म्हणजे आपला हिस्सा दुसऱ्या वारसासाठी सोडण्याचा, विचार त्यानंतर करावा. वारसांमधील हक्कसोडपत्राला नाममात्र मुद्रांक लागतो, म्हणून ते फार सहज सुचवले जाते. परंतु ते नोंदवलेले असेल तरच स्थावर मालमत्तेपुरते कामाचे असते आणि एकदा नोंदवल्यावर फसवणूक किंवा दबाव सिद्ध केल्याशिवाय रद्द होत नाही. साध्या कागदावर किंवा नोटरीसमोर केलेली हक्कसोड भविष्यात भांडणाला पुरते, मालकीला पुरत नाही. दिवस सरले नाहीत तोच आईची किंवा बहिणीची सही घेण्यासाठी गाडी आणली जाते, तेव्हा त्या सहीमागचा विचार तिचा नसतो. आईने तर राहते घर सोडून देणारी सही करूच नये, असे मी स्पष्ट म्हणेन. मुले कितीही चांगली असली तरी.

वारसांत अल्पवयीन मूल असेल तर जिल्हा न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय पालकाला त्याचा स्थावरातील हिस्सा विकता येत नाही किंवा सोडताही येत नाही. परदेशातील वारसाने मुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित करून किंवा अपोस्टिल (परदेशी दस्ताचे तेथील सरकारी प्रमाणीकरण) करून पाठवावे आणि ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने मिळू शकते.

गोव्यातील मालमत्ता

गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालू असून गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही अधिनियम २०१२ लागू आहे. तेथे सामान्यतः विवाहानंतर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते, त्यामुळे एकाच्या मृत्यूनंतर अर्धी मालमत्ता हयात जोडीदाराची असते आणि वारसा उरलेल्या अर्ध्याचाच उघडतो. त्यातीलही अर्धा भाग मुलांसारख्या सक्तीच्या वारसांसाठी राखीव असतो. वारस विशेष नोटरीसमोरच्या दस्ताने ठरतात आणि वाटणी न्यायालयातील इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची सूची करून वाटप करण्याच्या, कार्यवाहीत होते. सिंधुदुर्गातील ज्या कुटुंबांची घरे दोन्ही बाजूंना आहेत त्यांनी एकाच वकिलावर दोन्ही कामे सोपवू नयेत.

देणी, वाटणी आणि कर

वाटणीआधी देणी फेडावीत, आणि तीही क्रमाने: प्रथम अंत्यसंस्कार व शेवटच्या आजारपणाचा वाजवी खर्च, मग न्यायालयीन खर्च, मग घरकाम करणाऱ्यांचे व मजुरांचे मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांतील वेतन, आणि त्यानंतर इतर कर्जे. तारण असलेल्या मालमत्तेवर तारणदाराचा हक्क असतोच. वारस स्वतः जामीनदार किंवा सहकर्जदार नसेल तर मृताच्या कर्जासाठी त्याला मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेपर्यंतच तो जबाबदार असतो. वसुलीला आलेल्या माणसाने मुलाच्या पगाराकडे बोट दाखवले तर त्याला हे सांगावे.

भारतात १९८५ पासून मृत्यू कर नाही आणि वारसाने मिळालेल्या मालमत्तेवर प्राप्तिकरही लागत नाही. मात्र मृत्यूच्या तारखेपर्यंतच्या उत्पन्नाचे विवरणपत्र वारसाला प्राप्तिकर संकेतस्थळावर कायदेशीर प्रतिनिधी म्हणून नोंद करून भरावे लागते, आणि त्यानंतरचे भाडे-व्याज वारसांच्या हिशेबात येते. पुढे मालमत्ता विकताना भांडवली नफा मृताने दिलेल्या मूळ किमतीवरून मोजला जातो, म्हणून जुने खरेदीखत आणि बांधकामाच्या पावत्या जपून ठेवाव्यात. मृताचा पॅन क्रमांक शेवटचा परतावा खात्यात जमा होईपर्यंत आणि शेवटचे खाते बंद होईपर्यंत परत करू नये.